अप्पांच्या गाडीला कार्बन

३ सप्टेंबर

गौरी-गणपती काल गेले आणि घरात भांडण ठेवून गेले. हर्षलाचा भाऊ साईनाथ आला होता. चाकणला त्याच्या कंपनीत माझ्यासाठी जागा धरून ठेवलीय म्हणे. दसरा झाला की सोमवारी हजर व्हायचं. खोलीसुद्धा बघून ठेवलीय, मला न विचारता! मी म्हटलं, दसऱ्यापर्यंत थांब, मग काय ते सांगतो. तो बहिणीकडे बघून हसला. असा राग आला!

खालापूरची आमची फायबरची कंपनी गुजरातेत गेली तेव्हापासून मी घरी आहे. पाण्याच्या टाक्या करून करून हात तयार झालाय, ओतला की कडक होणारा तो चिकट रस, रेझिन, मला कोणी शिकवायला नको. म्हणून हे डोक्यात घेतलं. कार्बन फायबरचं काळं विणलेलं कापड गाडीच्या आतल्या प्लॅस्टिकच्या तुकड्यांवर चढवायचं, वर रेझिनचे पारदर्शक थर द्यायचे, घासायचं, परत थर द्यायचा. शेवटी काचेखाली चटई ठेवल्यासारखं दिसतं. मुंबईच्या पोरांना याचं वेड आहे आणि वीकेंडला ती सगळी आमच्याच रस्त्याने वर घाटात जातात.

खोपोलीच्या झाकीरभाईंचं गाड्यांच्या सीटकव्हरचं दुकान आहे. ते म्हणाले, "रूपेश, तोंडाने नको सांगू. एक गाडी पूर्ण करून दाखव. दसऱ्याला पूजेच्या गाड्यांची माझ्या दारात रांग असते. तिथे उभी कर. लोकांना आवडली तर मागची शेड तुझी." बस. जमलं तर इथेच राहायचं, नाही जमलं तर चाकण.

आणि गाडी कुणाची? अप्पांचीच, दुसरा कोण देतोय! अप्पांनी जन्मभर भिवपुरीच्या कॉलनीत साहेबांच्या गाड्या चालवल्या. रिटायर झाल्यावर ही एक स्वतःची घेतली. डोळ्यांनी दगा दिला तेव्हापासून चालवत नाहीत, पण रोज पहाटे उठून पुसतात. आज मी तुकडे काढत होतो तेव्हा पायरीवर बसून राहिले. फक्त एवढंच म्हणाले, "नीट काढ रं, क्लिपा जुन्या हायत."

प्लॅस्टिकला एक तडा नाही. मी तसं म्हटलं तर एकदम खुलले. "खोबऱ्याचं तेल! आठवड्याला एक हात. साहेबाच्या गाडीला बी तेच लावायचो." मी कपाळाला हात लावला. तेल म्हणजे रेझिनचा दुश्मन. थिनरने सगळे तुकडे खसाखसा पुसून काढले, दुपार त्यातच गेली.

५ सप्टेंबर

कापड चढवलं. काळ्या रेझिनचा हात मारायचा, बोटाला चिकट लागेपर्यंत थांबायचं आणि मग कापड अंथरायचं. एक धागा सरकला की सगळी वीण तिरकी होते. गियरभोवतीच्या तुकड्याला कोपरे एवढे की जीव गेला. कात्री लावली की कडा पिंजतात. हर्षला दारात उभी राहून म्हणाली, "गोधडी फाटल्यासारखं दिसतंय." मी म्हटलं, तू आत जा.

पण संध्याकाळी पहिला पारदर्शक थर दिला आणि आयला! आरसा! मी हर्षलाला हाक मारून बोलावलं. ती बराच वेळ बघत राहिली. मग चहा न मागता आला.

८ सप्टेंबर

काल दिवसभर घासलं. घासलं की थर पांढरा पडतो, राख फासल्यासारखा. तो तसाच पडायला हवा, नाहीतर पुढचा थर धरत नाही. तोवर ऊन गेलं होतं. आमच्या पडवीत सकाळीच काय ते ऊन येतं, म्हणून थिनरने पुसून तुकडे पाटावर मांडून ठेवले. अप्पा वाकून बघत होते. "खराब झालं का रं? पांढरं पडलं." मी दमलेलो. म्हटलं, "नाय हो अप्पा, सकाळी चकाकतंय की नाय बघा."

आज सकाळी रेझिन ओतलं, ब्रशने पसरलं, आणि बघता बघता ते मागे सरलं. जागोजागी गोल गोल खड्डे, जणू रेझिनला खालच्या थराची किळस आलीय. फिशआय म्हणतात आमच्यात. डॅशबोर्डच्या लांब पट्टीवर तर देवी आल्यासारखं दिसतंय. सगळं परत घासायचं. हात भरून आलेत आणि जेवणावर वासना नाही.

११ सप्टेंबर

परत तेच. हवा दमट आहे, दुसरं काय! सकाळी तुकड्यांवर हात फिरवला तर जरा ओलसर, तुकतुकीत लागले. रात्रीचं दव असणार. हर्षलाच्या केस वाळवायच्या मशीनने तासभर वाळवले. तिने विचारलं, "याला पण न्हाऊ घातलंत का?" वाळवून रेझिन दिलं तरी खड्डे पडलेच.

ठाण्याला रेझिनवाल्याला फोन केला. म्हणतो, माल बरोबर आहे, तुमची जागा स्वच्छ नसेल. माझी जागा! अहो, आमच्या पडवीत अप्पा रोज पहाटे झाडून, पुसून घेतात. देवघर नसेल इतकी स्वच्छ आहे. असं सांगितलं आणि फोन आपटला.

१५ सप्टेंबर

आज पितृपंधरवड्यातली आईची नवमी होती. हे लिहू नये असं वाटतंय, पण लिहितो.

सकाळपासून स्वयंपाकघरात कढई. वडे तळायचे होते. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला: तेलाचा धूर! तो पडवीत येतो आणि तुकड्यांवर बसतो. मी आत जाऊन गॅस बंद केला. हर्षला म्हणाली, "आत्याबाईंच्या पानावर वडे नकोत?" मी म्हटलं, "पान केळीचं आहे, वडे विकतचे चालतील." तिने माझ्याकडे असं बघितलं की मी मान खाली घातली, पण गॅस काही पेटवू दिला नाही. ती कढई उचलून शेजारी जनाकाकीकडे गेली आणि तिथे तळून आणलं. सगळ्या आळीला कळलं की रूपेशने आईच्या नवमीला चूल बंद केली.

अप्पा जेवले. उठताना म्हणाले, "तिला आवडायचे गरम."

१६ सप्टेंबर

खड्डे. धूर नव्हता तरी खड्डे!

१९ सप्टेंबर

घरात आता कायदा केलाय. उदबत्ती बंद. पावडर बंद. केसांना तेल लावायचं ते मागच्या अंगणात, डोक्याला फडकं बांधून. हर्षला म्हणते, "डोक्यावर घमेलं पालथं घालून फिरू का?" मी म्हटलं, फिर. ती म्हणाली, चाकणला एकच खोली आहे, तिथे तुम्ही हा उद्योग कुठे मांडणार ते बघते मी. म्हणजे हिने मनात सामान बांधलंसुद्धा.

एकटे अप्पाच आहेत ज्यांना माझ्या कामाची कदर आहे. जाता-येता तुकड्यांकडे बघतात. काल विचारत होते, "झाकीरला पसंत पडलं म्हणजे तुमी जायचं नाय, असंच ना?" मी म्हटलं, हो, पण चकाकायला हवं. "चकाकंल रं," म्हणाले. पहाटे मला त्यांच्या चपला वाजलेल्या ऐकू येतात. या वयात माझ्यासाठी पडवी झाडायला उठतात. बायको मात्र भावाच्या फोनची वाट बघते.

२२ सप्टेंबर

घट बसले. रसायनीहून मैनाआत्याचा फोन आला, पडली म्हणे, पाय मुरगळलाय. अप्पा दुपारच्या एसटीने गेले. जाताना गाडीच्या बोनेटवर हात ठेवला आणि मला म्हणाले, "चार दिस तूच पूस." मी म्हटलं पुसतो. कुठला पुसतोय! मला इथे मरायला वेळ नाही.

आज एक नवीन उपाय केला. पडवीत शंभरचा पिवळा बल्ब लटकवला, तुकड्यांच्या बरोबर वर. दव पडायलाच नको.

२३ सप्टेंबर

एकसुद्धा खड्डा नाही!

२५ सप्टेंबर

लांब पट्टी झाली, गियरचा तुकडा झाला, डावीकडच्या दारांचे झाले, मागचं उजवं झालं. तोंड बघून भांग पाडता येईल. बल्ब! एवढीशी गोष्ट आणि माझा महिना खाल्ला. ठाण्याच्या रेझिनवाल्याला मुद्दाम फोन करून सांगितलं की दोष दवाचा होता, माझ्या जागेचा नव्हे.

हर्षलाने बोट फिरवून बघितलं. "खरंच छान झालंय हो," म्हणाली. मी लगेच म्हटलं, मग साईनाथला कळव. ती म्हणाली, दसरा होऊ दे. कायदा तरीही उठवलेला नाही. एक तुकडा बाकी आहे, ड्रायव्हरच्या दाराचा, काचेची बटणं असतात तो. सगळ्यात जास्त दिसणारा तोच. तो शेवटी ठेवला होता.

अप्पा उद्या येतात.

२८ सप्टेंबर

ड्रायव्हरच्या तुकड्यावर खड्डे. बल्ब होता. हवा कोरडी होती. कढई चढली नव्हती. मी वेडा व्हायचा बाकी आहे.

२९ सप्टेंबर

परत घासलं, परत थर दिला, परत खड्डे. या वेळी एवढे की खालची वीण चाळणीसारखी दिसते. मी ब्रश भिंतीवर मारला. भिंतीवर रेझिनचा ओघळ आलाय, तो आता आमच्या बाराव्यापर्यंत राहणार. ओरडून हर्षलाला म्हटलं, "लाव तुझ्या भावाला फोन! सांग, येतोय म्हणून! नाही राहायचं मला या घरात, या घरालाच काहीतरी लागलंय!"

ती फोन लावायला उठली नाही. पडवीत अप्पा होते. त्यांनी माझ्या हातातून तुकडा घेतला, उजेडात धरला आणि म्हणाले, "आणखी एकदा घास. उद्या बघ." त्यांना काय कळतंय! पण घासला. थिनरने पुसून पाटावर ठेवला. शेवटचा प्रयत्न.

३० सप्टेंबर

पहाटे जाग आली. चपला वाजल्या. वाटलं, आपणही उठावं, अप्पांना म्हणावं, राहू दे झाडायचं.

अप्पा झाडत नव्हते. पाटासमोर बसले होते. शेजारी आईच्या कुंकवाच्या डबीएवढी वाटी. फडक्याचं टोक वाटीत बुडवायचं, पिळायचं आणि माझ्या पांढऱ्या तुकड्यावर गोल गोल हात. मग कोरड्या फडक्याने पुसून घ्यायचं. एवढ्या मायेने की मी क्षणभर बघतच राहिलो. आणि मग वास आला. खोबऱ्याचा.

"अप्पा! काय करताय?"

दचकले नाहीत. उलट हसले. "उठलास? बघ, रातीचं पांढरं पडतं ते. रोज मी हात मारून ठेवतो. तूच म्हणालास ना, सकाळी चकाकलं पायजे."

"तेल? रोज? अप्पा, महिनाभर मी घरात तेल तेल म्हणून डोकं फोडतोय!"

"ते तळणाचं रं," ते म्हणाले. "हे खोबऱ्याचं हाय."

पुढे मी काय बोललो ते लिहायला हात धजत नाही. तरी लिहितो, नाहीतर उद्या मी स्वतःला सांगेन की तसं बोललोच नाही. मी म्हटलं, "तुमच्या या हातांनी माझं वाटोळं केलं. तुम्हाला सांभाळायला इथे राहायचं म्हणून मी मरतोय, आणि तुम्हीच माझ्या मुळावर उठलात. हात लावू नका! माझ्या कशालाच हात लावू नका!"

अप्पांनी फडकं खाली ठेवलं. दोन्ही हात सदऱ्याला पुसले, पुढून आणि मागून, शाळेतल्या पोरासारखे. म्हणाले, "मला वाटलं, चकाकलं म्हंजी तुमी जायचे नाय." आणि आत गेले.

हर्षला दारात उभी होती. मला वाटलं आता ही बोलणार. ती अप्पांच्या मागोमाग आत गेली, हे जास्त लागलं.

१ ऑक्टोबर

खंडेनवमी. पडवीत पाट मांडून माझी हत्यारं पुजली: ब्रश, कात्री, घासायचे कागद, तो मूर्ख बल्बसुद्धा. दरवर्षी अप्पा सगळ्यात आधी गाडीला हळद-कुंकू लावतात. या वर्षी पायरीवर बसून राहिले, हात काखेत. मी म्हटलं, अप्पा, गाडी पुजता ना? "तुमी करा." तुमी! मला!

गाडी आज पुसलेली नाही. मी पाहिलं, काचेवर धूळ आहे. आजवर कधी अशी पाहिली नव्हती.

तुकडा काल थिनरने परत परत पुसून, घासून थर दिला होता. धरला. पण जुने दोन खड्डे तळापर्यंत गेलेले, ते भरून आले नाहीत. आता वेळ नाही. हर्षलाने हळद-कुंकू लावलं आणि मग एकदम म्हणाली, "तुम्ही मला महिनाभर बोललात ते मी सोसलं. पण बोलणाऱ्याला उत्तर देता येतं. त्यांना कुठे येतं?" मी म्हटलं, कळतंय मला. ती म्हणाली, नुसतं कळून काय उपयोग आहे?

मी अप्पांच्या खोलीपर्यंत गेलो. आत रेडिओ चालू होता. परत आलो. मला माफी मागता येत नाही, हा आमच्या घराण्याचाच आजार असावा.

२ ऑक्टोबर

दसरा. तुकडे बसवले. अप्पांनी क्लिपांचा डबा आणून दिला, पण माझ्या हातात नाही, पायरीवर ठेवला.

खोपोलीला अप्पा मागच्या सीटवर बसून आले. जन्मात कधी मागे बसले नसतील. झाकीरभाईंच्या दुकानापुढे झेंडूच्या माळा, नारळ, गाड्यांची रांग. झाकीरभाई आत डोकावले, लांब पट्टीवर नख वाजवलं. "वा!" मग ड्रायव्हरच्या दाराकडे आले. "हे काय? हे दोन डोळे कुठे बघतायत?"

अप्पा माझ्या मागे उभे होते.

"माझ्याकडून झालं," मी म्हटलं. "घाई केली."

झाकीरभाई हसले. "घाईने सगळ्यांची वाट लागते. ते दार उघडू नको कोणापुढे. बाकीचं दाखव."

दिवसभर लोक डोकावत होते. हात लावत होते, फोटो काढत होते, जात होते. मुंबईचं एकही पोर थांबलं नाही. ऑर्डर मिळाली ती कुणाची? शुक्राच्या टेंपोची! वासरांगच्या वीटभट्टीवर विटा वाहतो तो टेंपो. शुक्रा म्हणतो, मला पुढचा सगळा काळा चौकडीचा पायजे, दिवाळीच्या आत. विटांच्या टेंपोला कार्बन फायबर! मी रडू की हसू? पण झाकीरभाई म्हणाले, "शुक्रा रोज खोपोली-कर्जत करतो, त्याच्या टेंपोत सगळा तालुका बसतो. शेडची चावी घेऊन जा."

येताना मी वाटेत गाडी थांबवली. म्हटलं, अप्पा, पुढे बसा. बसले. मी गाडीत ठेवलेली ती तेलाची वाटी काढली, सकाळीच भरून, वर झाकण लावून घेतली होती. म्हटलं, "आता रेझिन पक्कं झालंय. आता कितीही तेल लावा, काही होत नाही. उलट चांगलंच आहे."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी वाटी हातात धरली. घर येईपर्यंत धरून बसले, एक थेंब सांडला नाही. पण पट्टीला हात लावला नाही.

घरी हर्षलाने साईनाथला फोन केला. मी पडवीतून ऐकत होतो. "नाय रं दादा. टेंपोचं काम आलंय." तिकडून तो हसला असणार. ती म्हणाली, "हसतोस काय? टेंपो हाय तर टेंपो!"

४ ऑक्टोबर

काल संध्याकाळी शुक्राने टेंपोच्या डॅशबोर्डची झाकणं आणून टाकली, विटांच्या धुळीने लाल झालेली. शेडमध्ये अजून वीज नाही म्हणून घरीच सुरू केलं. घासली, पांढरी पडली, पाटावर मांडली. शेजारच्या स्टुलावर ड्रायव्हरच्या दाराचा खड्डेवाला तुकडा काढून ठेवला. नवीन करून बसवणार आहे, तो आता कामाचा नाही. त्याच्याजवळ वाटी ठेवली आणि दोरीवरचं फडकं. कुणाला काही सांगितलं नाही. सांगायचं म्हटलं की माझ्या तोंडून दुसरंच काहीतरी निघतं.

पहाटे चपला वाजल्या. मी डोळे मिटून पडून राहिलो. हर्षलाने कोपराने ढोसलं, तरी उठलो नाही. बराच वेळ काही आवाज आला नाही. मग अंगणात बादली वाजली, गाडीवर पाण्याचा हात फिरल्याचा आवाज आला.

उजाडल्यावर बाहेर गेलो. गाडी धुतलेली. स्टुलावरचा तुकडा चकाकत होता, दोन खड्ड्यांसकट, आणि खोबऱ्याचा वास येत होता. आणि शुक्राच्या झाकणांवर भात भरायची मोठी टोपली पालथी घातलेली, मांजराने पाडू नये म्हणून वर दगड ठेवलेला. मी टोपली उचलून बघितली. झाकणं रात्री ठेवली तशीच होती, पांढरी, कोरडी.